तिबुर्सियोने दाखवलेली वाट

मिसरूड फुटायच्या आधीपासून तिबुर्सियो मेक्सिको शहराच्या मोठ्या मंडईत ओझी वाहत होता. दोन चाकांची उभी लोखंडी गाडी, तिच्यावर डोक्याच्या वर जाणारी पोती, आणि मागे तो. ती गाडी हातांनी ढकलायची नसते. हात फक्त दिशा देतात, जोर कमरेतून यावा लागतो. नव्या पोरांना हे कळेपर्यंत त्यांचे खांदे निकामी होतात. तिबुर्सियोचे खांदे अजून शाबूत होते. माल वेळेवर पोचवायचा आणि पोतं फाटू द्यायचं नाही, एवढीच त्याची अब्रू.

आणखी एक गोष्ट तो पाळत आला होता. विचारणाऱ्याला रिकाम्या हाती धाडायचं नाही, असं आईने शिकवलेलं. कुणी पत्ता विचारला की तो सांगायचा, ठाऊक असो वा नसो. मंडईत सगळेच तसं करत. तोंडावर "माहीत नाही" म्हणणं म्हणजे दारात आलेल्याला हाकलून देण्यासारखं. चार जणांना विचारत विचारत माणूस कुठेतरी पोचतोच, असा सगळ्यांचा हिशेब होता.

त्या दुपारी तो ओफेलियाबाईंच्या दुकानासमोर सुक्या मिरच्यांची पोती रचत होता. तेवढ्यात ती मुलगी आली. पाठीवर तिच्याएवढीच बॅग, बॅगेवर पिवळ्या चटईची गुंडाळी. मिरचीच्या खकाण्याने डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी हसत होती. मारित तिचं नाव, गाव नॉर्वेत. आपलं गाव सोडून बाहेर पडण्याची ही पहिलीच खेप. फोन बंद पडला होता. शाळेत शिकलेल्या जपून जपून बोलायच्या स्पॅनिशमध्ये तिने एका गल्लीचं नाव घेतलं. तिथल्या मुसाफिरखान्यात तिला जायचं होतं.

ते नाव तिबुर्सियोने जन्मात ऐकलं नव्हतं.

"सरळ जा," तो म्हणाला. "पादचारी पूल ओलांड आणि डावीकडे वळ. जवळच आहे."

ती म्हणाली, सकाळपासून सगळे इतके प्रेमाने बोलतायत, तिच्या गावात तर लोक मानही वर करत नाहीत. तिने त्याचा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि गर्दीत शिरली. चटईचं पिवळं टोक थोडा वेळ दिसत राहिलं.

शेजारी नीकानोर आपल्या गाडीला दोरी आवळत होता. त्याने विचारलं, "कुठली गल्ली म्हणाली रे ती?"

"कुणास ठाऊक."

नीकानोर हसला. मग दोरी आवळायचा थांबला. "पुलापलीकडे डावीकडे धाडलीस? टायरवाल्यांच्या बोळात?"

त्या बोळात गेल्याच आठवड्यात एका टेम्पोवाल्याचे बूटसुद्धा काढून घेतले होते. डोकं फुटलेलं आणि पाय अनवाणी, असा तो मंडईत परतला होता. मंडईतला माणूस तिकडे एकटा जात नसे. आणि ही पोर तर सगळा संसार पाठीवर घेऊन, हसत, तिबुर्सियोने दाखवलेल्या वाटेने निघाली होती.

त्याने गाडीची दोरी सोडली. पोती एकेक करून खाली उतरवू लागला.

"तिबो, ट्रक उभा आहे," ओफेलियाबाई गल्ल्यावरून म्हणाल्या. त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं, तेव्हा त्यांनी आवाज उतरवला. त्यांचा आवाज उतरला की समजावं. "आत्ता गेलास तर उद्या येऊ नकोस."

शेवटचं पोतं त्याने भिंतीशी नीट टेकवलं आणि रिकामी गाडी घेऊन निघाला.

पूल चढताना गाडी खांद्यावर घ्यावी लागली. पलीकडे उतरला तर चटई दिसेना. त्याने रसवाल्याला विचारलं, मोठ्या बॅगेची परदेशी मुलगी कुठे गेली? रसवाल्याचा हात लगेच उजवीकडे गेला. चपलेला टाके घालणाऱ्याने डावीकडे दाखवलं, तेही हसून, अदबीने. तिबुर्सियो दोघांच्या मध्ये उभा राहिला.

हे हात त्याच्या ओळखीचे होते. प्रश्न पुरा व्हायच्या आत उठणारा हात. त्याने स्वतः आयुष्यभर तोच उचलला होता. ज्याने खरंच पाहिलंय तो आधी आठवतो, मग बोलतो. मग त्याने हातांकडे बघणं सोडलं आणि तोंडं बघायला सुरुवात केली. पुढे आणखी दोघांनी वाटा दाखवल्या, त्या त्याने कानाआड केल्या.

भाजीसाठी निवडुंगाच्या पानांचे काटे तासत बसलेल्या एका म्हातारीने मात्र हात उचलला नाही. सुरी थांबवली, कपाळाला आठी घातली.

"पिवळं काहीतरी होतं पाठीवर, तीच का?" म्हातारी म्हणाली. "टायरवाल्यांकडे वळली. एकटी नव्हती रे बाबा. दोन पोरं होती बरोबर. मला नाही आवडलं त्यांचं चालणं."

तो पळत सुटला. रिकामी गाडी मागे खडखडत होती.

बोळ जिथे अरुंद होतो तिथे ते तिघं दिसले. पिवळी चटई एका पोराच्या काखेत होती. दुसरा मुलीच्या मागे, बॅगेला हात लावून चालत होता, जणू ओझं हलकं करतोय. ती अजून हसत होती, पण ते हसू आता नुसतं ओठांवर उरलं होतं.

"धक्का येतोय, धक्का!" तिबुर्सियोने मंडईतली आरोळी ठोकली आणि गाडी मध्ये घातली. मागचा पोरगा भिंतीला चिकटला. आवाजाने शेजारच्या टायरच्या दुकानातले दोन कामगार मोटारीखालून बाहेर सरकून बघू लागले.

चटईवाला शांत होता. "काका, म्हातारपणी वाट चुकलात का?"

"गिऱ्हाईक आहे माझं. सामान न्यायला आलोय."

"विचारू या की तिलाच." पोराने तिच्याकडे पाहिलं. "ताई, ओळखता यांना?"

"हो," मारित म्हणाली. "यांनीच मला इकडे पाठवलं."

"मग बरोबरच आलात. आम्ही पोचवतोच आहोत."

मुलगी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. सकाळपासून तिला सगळेच भले दिसले होते. भल्यातून भला ओळखायचा कसा? तिबुर्सियोच्या जिभेवर एक थाप तयार होती. मुसाफिरखाना दुसरीकडे हलवलाय, असं सांगता आलं असतं. पण तशी थाप त्या पोराकडेही असणार, आणि तो जास्त गोड हसत होता.

"मला ती गल्ली माहीत नव्हती," तिबुर्सियो म्हणाला. कामगार ऐकत होते. त्याचे कान तापले. "आत्ताही माहीत नाही. नाही म्हणवत नाही आम्हाला, म्हणून बोट दाखवलं. खोटं बोललो तुझ्याशी. इथून चल."

मारित पोराकडे वळली. "तुम्हाला माहीत आहे का ती..."

पोराचा हात उठलासुद्धा. "ही काय, पुढच्याच वळणावर."

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग दोन पावलं मागे येऊन गाडीला टेकली आणि म्हणाली, "माझी चटई द्या."

पोराने कामगारांकडे पाहिलं. त्यातला एक हातात लोखंडी पाना घेऊन उभा राहिला होता. पोराने चटई खाली टाकली.

"ने तुझं ओझं, म्हाताऱ्या. पाठ सांभाळ."

पुलापर्यंत ते झपाझप चालले. तिबुर्सियो मागे वळून बघत होता आणि बघतोय हे तिला कळू देत नव्हता. मंडईत ट्रक एव्हाना गेला असणार. पायऱ्यांशी आल्यावर ती बोलली.

"इथे आल्यापासून मला कुणीच 'माहीत नाही' म्हणालं नव्हतं. मला वाटलं, काय हुशार शहर आहे."

पुलापलीकडे चौकात पोलीस असतो, त्याला विचारू, आणि त्याने लगेच हात केला तर दुसऱ्याला विचारू, एवढंच तो म्हणाला. मग बॅग गाडीवर घेतली, पाठ पायऱ्यांकडे केली आणि कमरेने एकेक पायरी गाडी वर ओढू लागला.

बॅगेचा पट्टा मारितने हातातून सोडला नव्हता. त्यामुळे गाडी एका बाजूला ओढली जात होती, प्रत्येक पायरीला जास्तीचा जोर लागत होता. सोड, असं तो तिला म्हणाला नाही.