लढाईच्या आदल्या दिवसापर्यंत

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पेन धरलं ते सही करायलाच. हे कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. पण लिहिते ते खरं आहे. लढाईच्या आदल्या दिवसाबद्दल माझ्या नणंदेच्या सासूला जेवढं कळतं, तेवढं जगात कुठल्या सेनापतीला कळत नसेल. आणि त्यांनी लढाई म्हणून एकही बघितलेली नाही.

मी त्यांना मावशी म्हणते. सगळा जन्म मासळी विकण्यात गेला, मग गुडघे गेले आणि बाजार सुटला. भोईवाड्याच्या खोलीत बसल्या बसल्या नातवाच्या जुन्या फोनवर त्यांना एक जपानी कार्टून सापडलं, हिंदीत बोलणारं. डोंगरावर किल्ला, तिथे तलवार शिकणारी मुलं आणि समुद्राकडून येणारे राक्षस. मुलांची जपानी नावं तोंडात बसेनात, म्हणून मावशींनी सगळ्यांचं नव्याने बारसं केलं. उभ्या केसांचा तो झाडू, सारखा रडणारा तो पाणीपुरवठा, आणि एक मुलगी कधीच बोलत नाही, ती माझ्यावरून आमची. ही पोरं पहाटे उठून पायऱ्यांवरून पाणी वाहतात, पडतात, गुरूची बोलणी खातात, ते मावशी पुन्हा पुन्हा बघत. लढाईच्या आदल्या संध्याकाळी सगळी शेकोटीभोवती बसतात, कोणी मोजा शिवतो, कोणी आपल्यातला अर्धा भाताचा गोळा दुसऱ्याला देतो, तेव्हा तर मावशी फोन इतका जवळ नेत की पडद्याला नाक लागून चित्र थांबायचं. मग नाकानेच ते परत चालू करत. आणि रणशिंग वाजलं की फोन पालथा. मारामारीच बघायची होती तर मासळीबाजार काय वाईट होता, असं त्यांचं म्हणणं. कोण जिंकलं हे त्या पुढच्या भागात कोण कोण जेवायला बसलंय त्यावरून ओळखत.

एकदा वाण्याच्या दुकानात त्या उसासा टाकून म्हणाल्या की उद्यापासून लढाई सुरू, पोरांचं काय होतंय कोण जाणे. शेजारी उभ्या बाईने जास्तीचं तेल घेतलं, तिचं बघून दुसरीने साखर घेतली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या चाळीने सामान भरून ठेवलं होतं. मावशींनी त्या दिवशी कोलंबीचा भात करून सगळ्या मजल्यावर वाटला. लढाईला जाणारी पोरं फोनमधली असली म्हणून काय झालं, त्यांच्या नावाने कोणीतरी पोटभर जेवायला हवं.

मग माझी सासू गेली आणि परळच्या बाजारातला तिचा मासळीचा ओटा रिकामा पडला. रिकामा ओटा फार दिवस रिकामा राहत नाही. शेजारी बसणाऱ्या काकीने आधी एक टोपली टेकवली, मग दुसरी. नवऱ्याची नोकरी सुटली होती. ओटा गेला असता तर आमची चूल कशावर पेटणार होती? पण मी घाटावरची, मासळीचा गंध नाही, आणि आवाज असा की घरचं मांजरसुद्धा वळून बघत नाही. चारचौघांनी नुसतं बघितलं तरी मला घाम फुटायचा. नणंदेने मला उचलून आपल्या सासूच्या, म्हणजे मावशींच्या, ताब्यात दिलं.

मला वाटलं, मासळी कापायला शिकवतील. मावशींनी कोयता डब्यामागे लपवून ठेवला. किल्ल्यावर तरी आल्या आल्या तलवार देतात का, म्हणाल्या. ओली टोपली डोक्यावर देऊन मला जिने चढायला लावले, तेही ठीक होतं. मग त्यांनी गॅलरीत पाट मांडला, पुढ्यात रिकामी टोपली ठेवली आणि म्हणाल्या, "आधी बसायला शीक, बाय."

सबंध दुपार नुसतं बसायचं. मान खाली घालायची नाही, पदर चाळवायचा नाही. जाणारे येणारे ओलांडून जात. कोणी विचारी, काय वहिनी, पापलेट कसं दिलं? चाळीतल्या सुना हसत आत पळत. पहिल्या दिवशी मी रडले, तर मावशी आतून म्हणाल्या, आता आमच्याकडे पण पाणीपुरवठा आला. रोज बसले. कधीतरी एका दुपारी ध्यानात आलं की लोक माझ्याकडे बघतायत आणि मीही त्यांच्याकडे बघतेय. कोयता मिळाला तो त्यानंतर.

ओट्यावर बसायच्या दिवशी उजाडताच मावशी गुडघे धरत आमच्याकडे आल्या. धंद्याचं एक अक्षर बोलल्या नाहीत. मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं, विंचरलं, अबोलीची वेणी माळली. आई गेल्यापासून माझे केस कोणी विंचरले नव्हते. मग दोघींनी चहाबरोबर भाकरी खाल्ली. मी निघाले तशा त्याही उठल्या, पण घरच्या वाटेने.

"मावशी, तुम्ही नाही येणार?"

"लढाई मी बघत नाय, बाय."

बाजारात काकीच्या टोपल्या आमच्या ओट्यावर होत्याच. मी म्हटलं, "काकी, टोपल्या उचला." काकी बाकीच्यांना म्हणाली, हिला वाचा आहे काय गो? आणि एक उचलली. दुसरी मी उचलून तिच्या ओट्यावर ठेवली.

पहिल्या गिऱ्हाइकाने निम्मा भाव सांगितला. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. त्याने थोडं वाढवलं. मला तरीही बोलता येईना. त्याने आणखी वाढवलं, शेवटी घाम पुसून म्हणाला, बरं बाई, तुझंच खरं. काकी आ वासून बघत होती.

मावशी आता मुलीकडे उरणला असतात. पाणी ओलांडून माझं जाणं होत नाही. पण त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले होते. किती विकलं, काकी काय म्हणाली, त्यांनी काहीच विचारलं नाही. फक्त माझे दोन्ही हात ओढून नाकाशी नेले. मी दोनदा साबणाने धुतले होते.

"बसला वास," मावशी म्हणाल्या. "आता तुला कोण उठवत नाय."

आणि हात तसेच धरून ठेवले, बराच वेळ.