काळीला पिवळा

आमच्या घरात मुलगी दाखवायची साडी एकच होती. चुलतीची, फिकट गुलाबी, काठाला बारीक जर. काळ्या पोरीनं गडद नेसलं की ती आणखी काळी दिसते, असं चुलतीचं ठाम मत होतं आणि तिच्यापुढे बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. मी घरातली सगळ्यात काळी, त्यामुळे ती साडी जवळजवळ माझीच झाली होती.

बारावी झाली आणि निमोण्याला आमच्या घरी दौंडचे पाहुणे आले. दिवेलागणीची वेळ. चुलतीनं माझ्या तोंडाला, मानेला, कोपरापर्यंत हातांना पावडर थापली. ट्यूबलाइटखाली पाहुण्यांनी पोहे खाल्ले, नाव-शिक्षण विचारलं आणि मुलगी पसंत म्हणून निघाले. आईनं देवापुढे साखर ठेवली.

पुढच्या आठवड्यात तीच माणसं बोलणी करायला आली, ती न कळवता आणि भरदुपारी. मी घराशेजारी कांदा खुरपत होते. डोक्याला टॉवेल, अंगात भावाचा जुना शर्ट. मुलाच्या आईनं बांधावरून मलाच विचारलं, "ए बाय, ती दाखवलेली पोरगी हाय का घरात?"

"मीच की," मी म्हटलं.

बाई तशीच बांधावरून माघारी फिरली. चहासुद्धा न घेता त्यांची जीप वळली.

आधी रडले, मग संताप आला. नकाराचा नव्हे. त्यांना आवडली होती ती मी नव्हतेच. लग्न झालं असतं तर ती पावडरवाली रोज सकाळी मी कुठून आणणार होते? मी ठरवूनच टाकलं, यापुढे जो कुणी मला पहिल्यांदा बघेल, त्याला मीच दिसले पाहिजे. मग लग्न राहिलं तर राहिलं.

तेव्हा आमच्या मोकळ्या रानात लेंडीखतासाठी मामाची मेंढरं बसायला होती. आमचं घर शेतीत रुळलेलं, पण मामानं कळप सोडला नव्हता. शेजारच्या रानातही एक कळप बसला होता. मेंढरं मिसळली तर ओळखू यावीत म्हणून मामा आपल्या मेंढरांच्या पाठीवर रंग लावत होता. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेले डबे होते, एक गुलाबी, एक पिवळा. मी हातभार लावायला गेले आणि एका काळ्या मेंढीच्या पाठीवर गुलाबी पट्टा ओढला. राख सांडल्यासारखा दिसला तो.

"आगं, गुलाबी पांढरीला," मामा ओरडला. "काळीला पिवळा लाव. पार वढ्यापास्नं दिसंल."

दुसऱ्या काळीला पिवळा लावला आणि मागे सरून बघितलं. मेंढी आधीपेक्षा काळी दिसत होती, आणि फार देखणी. मला एकटीलाच हसू फुटलं.

बाजाराच्या दिवशी आईला घेऊन शिरूर गाठलं. कापडाच्या दुकानात आम्हाला बघताच दुकानदारानं फिक्या साड्यांचा ढीग पुढे केला. "ताई, तुमच्या रंगाला हेच शोभेल." मी वरच्या कप्प्यातली हळदीसारखी पिवळी मागितली. तीही ट्यूबखाली बघितली नाही. दारात उन्हाला गेले, एका खांद्यावर पिवळी, दुसऱ्यावर त्या ढिगातली गुलाबी टाकली आणि आईकडे तोंड केलं. आई कितीतरी वेळ या खांद्याकडून त्या खांद्याकडे बघत होती.

"गुलाबीनं तू तापातनं उठल्यावानी दिसतीस," ती म्हणाली. "पिवळी घे. काकीचं मी बघती."

मग भांडगावचे पाहुणे यायचे ठरले. मी वडिलांना सांगून त्यांना सकाळीच बोलावलं आणि खुर्च्या अंगणात मांडल्या. चुलती पावडरचा डबा घेऊन आलीच.

"काकी, नको."

"आगं, हे बी माघारी जातील!"

"जाऊ द्या. जायचं तर आजच जाऊ द्या."

ट्रे घेऊन बाहेर आले. मान खाली घातली नाही. मुलगा आपल्या चहावर फुंकर घालत बसला होता. त्याची आई थेट माझ्याकडे बघत होती. ती माझ्यासारखीच काळी, आणि अंगावर धुऊन विटल्यासारखी मोतिया साडी. तिनं बशी खाली ठेवली, माझा पदर चिमटीत धरला. आता गेलंच सगळं, असं वाटलं.

"ह्यो रंग कुठं घावला तुला?"

"शिरूरला."

"मला समदी फिकंच घेत्यात," ती हळूच म्हणाली. "नवरी झाल्यापास्नं." मग मुलाकडे वळली. "मला पोरगी पसंत हाय. तू तुझं बोल." त्यानं मान हलवली, तीही हसून.

लग्नाचा बस्ता बांधायला दोन्ही घरची माणसं त्याच दुकानात जमली. सगळ्यांचं झाल्यावर दुकानदारानं विचारलं, "आणि वरमाईला?" आणि सवयीनं फिका ढीग ओढला. मी तो बाजूला सारला. "वरचा जांभळा काढा," म्हटलं, आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना दारातल्या उन्हात उभं केलं.

"आगं पोरी, लोक काय म्हंतील?"

"काळी म्हणतील, आत्या," मी जांभळी साडी त्यांच्या खांद्यावर टाकत म्हटलं. "आहोतच की आपण."