पलंगाजवळची घंटा

माझा धाकटा भाऊ वसंता मनोरुग्णांच्या आधारगृहात राहायचा. तो वारल्यावर त्याचे कपडे आणायला गेलो, त्या दुपारी तिथे परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासणी चालली होती. प्रत्येक पलंगाजवळ घंटा हवी, असा नियम आहे. साहेब एकेक बटण दाबून पाहत होते. वसंताच्या रिकाम्या पलंगाजवळची घंटा वाजली, तशी व्हरांड्यातून ओ आली, "आलो रे, वसंता!"

शेजारच्या पलंगावरचे गोविंदकाका पाण्याचा पेला घेऊन आले.

"काका, वसंता नाही आता," मी म्हणालो.

"मग बोलावलं कोणी?" त्यांनी पेला उशाशी ठेवला.

"घंटा चालू आहे," म्हणत साहेब पुढे गेले.

घंटा वाजते का, एवढं नियमाला तपासता येतं. ती ऐकून कोण उठतं, हे तो कसा तपासणार? इतक्या वर्षांत मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो.

पिशवी घेऊन फाटकाशी आलो. साहेबांची गाडी निघून गेली होती. गोविंदकाका बाहेर बाकावर बसले होते. आत तीच घंटा पुन्हा वाजली.

काका उठले नाहीत. "आज तुम्ही जा," म्हणाले.

"आलो रे," मी म्हणालो आणि मागे वळलो.