परातीपाशी गप्प होणाऱ्या बाई

जाधवबाईंच्या सिनेमातलं एक जेवण मी उडवलं आणि वर त्यांच्याशी खोटं बोललो. बाईंबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. आधी त्यांचं कौतुक करून हे हळूच मागे सरकवलं, तर ते दुसरं खोटं होईल.

बाई आमच्या भोईवाड्याच्याच. कॉलेजात फ्रेंच शिकवायच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं सेनेगलमध्ये, डाकारला राहिल्या आणि परतल्या त्या तिकडच्या सिनेमांचं वेड घेऊन. निवृत्तीनंतर आमच्या चाळीखालच्या मंडळाच्या हॉलमध्ये त्या दर महिन्याला एक सिनेमा दाखवू लागल्या. कधी सेनेगलचा, कधी मालीचा, कधी घानाचा. पडद्याशेजारी माइक घेऊन उभ्या राहायच्या आणि पात्रांचं बोलणं तिथल्या तिथे आपल्या मराठीत सांगायच्या. डाकारची सासू सुनेला "आलीस? आत्ता आठवलं होय घर?" म्हणाली की अख्खा हॉल फुटायचा. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर माझ्याकडे असायचा.

पहिल्याच सिनेमात शेजारच्या लताकाकींनी ओरडून विचारलं होतं, "अगं, आफ्रिका ना ही? मग सिंह कुठाय?"

"लता, परळच्या सिनेमात तू हत्ती शोधतेस का? नळ बघ. नळावरची भांडणं बघ."

काकींनी बघितलं. वर्षभरात त्याच काकी पडद्यावरच्या मासेवालीला सल्ले देऊ लागल्या, "एवढ्याला देऊ नको गं, भाव वाढवेल तो!" आमच्या चाळीतल्या बायका भाजी निवडताना डाकारच्या सुनेची बाजू घेऊन भांडतात, हे मी कुणालाही छाती फुगवून सांगेन.

बाईंचा एक नियम होता. पडद्यावर कुणी काम करत असलं, बाजरी कांडत असलं, पोरीच्या वेण्या घालत असलं, की त्या माइक खाली धरायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, लोक कंटाळतील." तर म्हणाल्या, "त्यांचे हात दिसतायत ना? मग मी मध्ये कशाला?" आणि कुणी कंटाळायचं नाही.

त्यांचा सगळ्यात लाडका सिनेमा त्यांनी खूप राखून ठेवला होता. एक मासे विकणारी आई. तिचा मोठा मुलगा भांडून घर सोडून जातो. मधे एक लांबलचक जेवण आहे. सगळे जमिनीवर एकाच मोठ्या परातीभोवती बसतात, आई हाताने मासा मोडून प्रत्येकाच्या पुढ्यात भातावर तुकडा सरकवते आणि एक तुकडा रिकाम्या जागेसमोर ठेवते. शेवटी मुलगा परततो, तो न बोलता त्या जागेवर येऊन बसतो.

त्या दिवशी माझ्या ऑफिसातले दोघे आले होते. ऑफिस जवळच, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. आमच्याही घरी एकच परात होती आणि आम्ही पाच भावंडं तिच्याभोवती बसायचो, हे तिथे मी कधी बोललो नव्हतो. पडद्यावर परात आली की काकी ओरडणार, "संज्या, हे तर तुझंच घर!" हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ते जेवण पुढे ढकललं. एकदम रिकामी परात दिसली.

बाई वळल्या. "संजय, जेवण राहिलं."

"कॉपीच तुटकी आहे, बाई."

त्यांनी विश्वास ठेवला. मग जिथे त्या कधी बोलत नसत, तिथे बोलायला लागल्या. कोण कुठे बसलंय, आई मासा कसा मोडते, सगळं तोंडाने सांगत राहिल्या. लोक चुळबुळले. "म्हणजे जेवले एवढंच ना, बाई?" कुणीतरी म्हणालं. शेवटी मुलगा त्या जागेवर येऊन बसला तेव्हा कुणाचेच डोळे भरले नाहीत.

"दाखवायचं ते मी सांगत बसले," आवराआवर करताना त्या म्हणाल्या. "मला जमेनासं झालंय. आता पुरे." पुढच्या महिन्यापासून त्या वेळेला हॉलमध्ये कॅरम सुरू झाला.

ते स्ट्रायकरचे आवाज वरपर्यंत ऐकू यायचे. एका रविवारी ते सहन होईनात, तेव्हा त्यांच्या खोलीवर गेलो आणि सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"कॉपी चांगली आहे म्हणजे," एवढंच आधी म्हणाल्या. मग करड्या आवाजात, "मला काय सांगतोस? ज्यांना उपाशी उठवलंस त्यांना सांग. माइक मी देते."

पुढच्या महिन्यात तोच सिनेमा पुन्हा ठेवला. हॉल भरला होता. ऑफिसातल्या त्या दोघांनाही मी पुन्हा बोलावलं होतं. बाईंनी माइक दिला आणि स्वतः लॅपटॉपपाशी जाऊन बसल्या.

मी म्हणालो, "त्या दिवशी कॉपी तुटकी नव्हती. जेवण मी उडवलं. आम्ही एका परातीत जेवायचो, हे कळेल म्हणून मला लाज वाटली. माझी आई अशीच बसायची, काटे काढून आमच्या पुढ्यात सरकवायची. तिची माफी मागायची राहून गेली. बाई, तुमची मागतो. तुम्हा सगळ्यांची मागतो."