दोन खिडक्या आणि आईची मोरी

व्हिएन्नाहून परत आल्यापासून मला घरात एका जागी बसवत नव्हतं. भिंत किती तापली आहे ते हात लावून बघायचो. वारा येतो का म्हणून दार उघडायचो, पुन्हा लावायचो. आई म्हणाली, "काय रे, झपाटल्यासारखा फिरतोस?"

अंधेरीतल्या ज्या कंपनीत मी इंजिनिअर आहे, तिने मला तिकडे प्रशिक्षणाला पाठवलं होतं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून शिकलो, आणि इकडे मुंबईत आईने इस्पितळात आयाचं काम करून मला शिकवलं. त्यामुळे चांगलं काही दिसलं की ते नुसतं बघून यायचं, हे मला पटत नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडलं पाहिजे असं वाटत राहतं.

तिथे कामगारांसाठी नगरपालिकेने बांधलेल्या जुन्या इमारती आहेत. मधे मोठं अंगण, अंगणात झाडं. मी एका आजींच्या घरी गेलो होतो. समोरासमोर दोन खिडक्या, त्यांना बाहेरून झडपा. भर उन्हाळ्यात खोली थंड, आणि पंखासुद्धा नाही. तळघरात सगळ्या इमारतीचं मिळून एक धुण्याचं घर होतं. दारावर कोणाची पाळी कधी त्याचा तक्ता. आजी म्हणाल्या, "इथेच आमची गाठ पडते. नाहीतर कोण कोणाला ओळखणार?" मी त्या धुण्याच्या यंत्रांचे इतके फोटो काढले की त्यांना हसू आवरेना.

घाटकोपरची आमची इमारत तेव्हा पुनर्विकासाला निघाली होती. एकेका खोलीची घरं, लांब गॅलरी, गॅलरीच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास आणि नळ. बिल्डरच्या नकाशात प्रत्येक घराला आत संडास होता आणि धुण्याभांड्याला स्वतंत्र मोरी. ड्राय बाल्कनी म्हणतात ती. पण ती नेमकी बाहेरच्या भिंतीला होती, म्हणून खोलीला खिडकी एकच. तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून. मी विचारलं तेव्हा सोसायटीचे आर्किटेक्ट म्हणाले, "सभासदांना चालत असेल तर बदलू." मी लगेच नकाशा काढला. मोऱ्या काढून टाकल्या, मजल्यामजल्यावर एक धुण्याचं घर केलं, आणि मोकळ्या झालेल्या भिंतीत दुसरी खिडकी बसवली. रविवारी सोसायटीच्या सभेत तो मांडायचा होता.

आधी आईला दाखवला.

"ही एक खिडकी, ही दुसरी. वारा आरपार."

"आणि मोरी कुठंय?"

"ती मजल्यावर, सगळ्यांची मिळून. यंत्रं असतील. तुला उकिडवं बसून धुवायला नको."

आई नकाशाकडे बघत राहिली. "माझी मोरी काढलीस तू?"

"आई, ऐक ना..."

"गावाला आम्हाला पाणी वरून ओतायचे. आम्ही खाली ओंजळ धरायची. इथं आले तर नळावर बादलीचा नंबर. आता कुठं दाराच्या आत माझा नळ येतोय. पाहिजे तेव्हा सोडीन, पाहिजे तेव्हा बंद करीन. आणि तू फॉरेनला जाऊन मला परत लायनीत उभी करतोस?"

"तिथे तसं नसतं गं."

"तिथं नसंल. राहायचं इथं आहे ना?"

तरीही मी नकाशा घेऊन सभेला गेलो. गच्चीवर सतरंज्या टाकल्या होत्या. मी मोबाइलवरचे फोटो फिरवले. आमचे सेक्रेटरी काका कोकणातले, त्यांची जीभ तिखट. म्हणाले, "अरे, लोक फॉरेनला जाऊन राजवाडे बघतात. तू चाळच बघून आलास!" सगळे हसले, मीही हसलो. मग उकाड्याबद्दल बोललो, दिवसा दिवे लावून बसावं लागेल ते सांगितलं. दोघातिघांनी माना डोलावल्या. मला धीर आला.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ते सगळं ठीक आहे. पण कुणाचे कपडे कुणाबरोबर पडणार?"

कोणी हसलं नाही. प्रश्न साधा, स्वच्छतेचाही असू शकेल. मी आईकडे पाहिलं. ती कोणाकडेच बघत नव्हती, गुडघ्यावरच्या लुगड्याची घडी हाताने सारखी करत होती. काका घाईघाईने म्हणाले, "चला चला, हात वर करा."

घर आईच्या नावावर आहे, त्यामुळे मला मत नव्हतं. मोरीच्या बाजूने वर गेलेल्या पहिल्या काही हातांत तिचा हात होता.

सध्या आम्ही मुलुंडला भाड्याने राहतो. घाटकोपरला मोऱ्या असलेल्या नकाशाप्रमाणेच पाया भरून झाला आहे. आईचं बरोबर होतं असं मी स्वतःला सांगतो, आणि मग ती भर दुपारी दिवा लावून त्या खोलीत बसलेली डोळ्यांसमोर येते. दोन्ही खरंच आहे. मला त्यातून सुटता येत नाही.

मागच्या आठवड्यात मी आर्किटेक्टना विचारलं, निदान मोरी आणि खोलीच्या मधल्या भिंतीत जाळी ठेवता येईल का? वारा तरी येईल. ते म्हणाले, "बघू."

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "जाळी चालंल," म्हणाली. "नळ तेवढा हलवायचा नाही. आणि 'बघू' म्हणाला म्हणजे नाही म्हणाला तो. उद्या परत जा."

मी परत गेलो. साहेब साइटवर गेले होते. ऑफिसातल्या मुलीने बाकाकडे बोट दाखवलं, पण बसवेना, म्हणून मी जिन्यात जाऊन त्यांची वाट बघत उभा राहिलो.