बुएयला आवतन

गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५, सायंकाळचे सहा. पोळ्याची आदली संध्याकाळ. मी आमच्या गावी, नेरडीगोंड्यात, शेजाऱ्याच्या गोठ्यासमोर मोबाइल हातात धरून उभा होतो.

कारण थोडक्यात सांगतो. माझी मुलगी नोकरीसाठी स्पेनला गेली, तिथेच लग्न केले आणि तीन वर्षांपूर्वी तिथेच वारली. तिची मुलगी आता सात वर्षांची आहे. तिला फक्त स्पॅनिश येते; मला ते येत नाही. दर आठवड्याला जावई तिला मोबाइलसमोर बसवत. मागच्या खेपेस त्यांनी इंग्रजीत सांगितले, ती आता बसायला तयार नसते, रडते. असेच चालले तर हे थांबवावे लागेल. मी आणखी एक खेप मागितली.

पोळा तोंडावर होता. नातीला दाखवावे असे माझ्याकडे दुसरे काही नव्हते. म्हणून बैलाचा शब्द शिकायला घेतला. मोबाइलने आधी ‘तोरो’ दिला. जावयांनी कळवले, तोरो म्हणजे वळू. जू वाहतो तो ‘बुएय’. पण सुटा शब्द उपयोगाचा नसतो, तो वाक्यात चालवता यावा लागतो. ‘उद्या बुएय माझ्या घरी जेवायला येणार’ हे एक वाक्य मी आठवडाभर घोकले.

पत्नी म्हणाली, “म्हातारपनी तोंड वाकडं काऊन करून राह्यले? बैलाले बैल म्हना. तिच्या मायनं तेच शिकवलं होतं तिले.”

“शिकवणारी आता नाही,” मी म्हणालो.

आमच्या गल्लीत बैलजोडी एकाच घरी उरली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावून ते पळसाच्या पानांनी शेकतात. वर्षभर जू याच जागी घासते. मग बैलाच्या कानाशी आमंत्रण देतात. शेजाऱ्याने खांदा शेकला आणि वाकून म्हणाला, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मी तेच स्पॅनिशमध्ये पुटपुटून पाहिले. तो हसला. “साहेब, आमच्या बैलाले इंग्रजी समजत नाई.”

“इंग्रजी नाही, स्पॅनिश आहे.”

“मंग तर बिलकुलच नाई.”

फोन लागला. नात मान खाली घालून बसली होती. मी बैलाशेजारी सरकून त्यालाही मोबाइलमध्ये घेतले आणि वाक्य म्हटले. तिने मान वर केली. बैल पाहिला, मला पाहिले, आणि हसली. कित्येक महिन्यांत ती हसलेली मी पाहिली नव्हती. मी वाक्य पुन्हा म्हटले.

तिने वडिलांना काही विचारले. ते घुटमळले. मग म्हणाले, “ती विचारते, उद्या तुमच्याकडे जेवणार कोण? बुएय तिने माझ्या आईच्या घरी ताटातच पाहिला आहे. आमच्याकडे हा शब्द आता खाटकाच्या दुकानातच चालतो.”

मी म्हणालो, “तिला सांगा, आम्ही त्याला खात नाही. उद्या त्याच्या मानेवर जू नाही. त्याला ओवाळून पुरणपोळी देतात.”

त्यांनी सांगितले. तिने नीट ऐकले आणि दुसरा प्रश्न केला.

“ती विचारते, आणि परवा?”

पोळा झाला की ही जोडी बाजारात जाणार होती. शेजाऱ्याने सकाळीच सांगितले होते. त्याचे शेत आता ट्रॅक्टरवर चालते. असे थकलेले बैल बाजारातून कोण नेतो, हे आमच्याकडे विकणारा विचारत नाही. नातीला खोटे सांगणे मला शक्य होते. मी सांगितले नाही. खरेही सांगितले नाही. ती खुर्चीवरून उतरून गेली. पडद्यावर खुर्ची उरली.

जावई म्हणाले, “तुम्ही फार प्रयत्न केलात. आता थांबू या. मी फोटो पाठवत जाईन.”

“ठीक आहे,” मी म्हणालो.

शेजारी दुसऱ्या बैलाला लोणी लावत होता. “काय म्हने नात?”

“बैल परवा कुठे जाणार, म्हणून विचारत होती.”

“अन् तुमी काय सांगितलं?”

“काही नाही.”

त्याचा हात बैलाच्या खांद्यावर थांबला. मग तो पुन्हा चोळू लागला. त्या बैलाला त्याने आवतन दिले की नाही, मी ऐकायला थांबलो नाही.

घरी पत्नी चुलीपाशी होती. “बसली का पोरगी?”

“बसली. यापुढे बसणार नाही.”

तिने डाळ धुऊन शिजायला टाकली. पुरणाला गूळ लागणार होता. मी ढेप खाली उतरवली, पोत्यावर ठेवून फोडली, खडे डब्यात भरले आणि झाकण लावले.