आप्पांची आगारी

देवळ्याच्या स्टँडवर सोडायला आलेल्या वडिलांनी मला जेवणाखाण्याचं, राहण्याचं काही विचारलं नाही. गाडी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "तठे आप्पानं नाव शे का, देखजो." मी निघालो होतो सिंगापूरला नोकरीसाठी, आणि यांचा जीव अडकला होता कधीच न पाहिलेल्या काकांत.

आप्पा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. दुसऱ्या महायुद्धात फौजेत असताना सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत सापडले आणि तिथेच वारले, असं सरकारकडून कळलं. गावातले काही शहाणे म्हणत, धरला गेला म्हणजे हात वर केले असतील. वणीचा एक सोबती सुटून आला आणि त्याने त्यांची तोंडं बंद केली. शस्त्रं खाली ठेवायचा हुकूम वरूनच आला होता. छावणीत हा तापाने पडला तेव्हा आप्पांनी आपल्या वाटचा भात भरवून त्याला जगवलं. पुढे छावण्या वेगळ्या झाल्या, त्यामुळे आप्पांचा शेवट त्यानेही पाहिला नव्हता.

पणजीला तेवढं पुरलं. आपल्यापैकी कुणी डोळ्यांनी खूण पाहत नाही तोवर माझ्या पोराची आगारी टाकायची नाही, असं तिने बजावलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्यांचं नाव घेऊन निखाऱ्यावर घास ठेवतात, ती आगारी. आप्पांचं ताट मात्र जिवंतांच्या पंगतीत. पणजी गेली, आजोबा गेले, त्यांची आगारी पडू लागली. आप्पा आपले पंगतीतच! वडिलांना घोर लागला होता, आपल्यामागे हे ताट कोण मांडणार? मग आप्पा ना घरचे ना पितरांतले.

इथे सिंगापुरात टेकडीवरच्या युद्धस्मारकात नावांच्या भिंतीच भिंती आहेत. आप्पांचं नाव दिसलं तेव्हा मी बूट काढले आणि व्हिडिओ कॉल लावला. वडिलांनी टोपी सारखी केली, नाव वाचलं. मग म्हणाले, "आपला डोळासनी देखं." परक्या मुलखात दगडावर कोरून ठेवलेलं आमच्या घरचं नाव! मला फार अभिमान वाटला.

यंदाच्या आखाजीला वडिलांनी आगारी टाकली. पहिलं नाव आप्पांचं घेतलं, तेही शेजारपाजारी ऐकतील अशा आवाजात.

ऑफिसात नवं कुणी आलं की विचारतं, इथे तुझ्या घरचं कुणी आहे का? पूर्वी मी नाही म्हणायचो. आता सांगतो, आहेत, माझ्या आधीच आलेत.